युटा-अ‍ॅरिझोनातल्या दगडी कमानी आणि कॅन्यन: फोटोसाठी कुठे, कधी, काय न्यायचं? (ऑक्टोबर ट्रिप)

बर्डीचा_प्रवासी

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात मी, बायको आणि बाबा अमेरिकेला जाऊन राहिलो आहोत. लहान भाऊ डेन्व्हरला असतो, तो गाडी घेऊन सोबत येणार. डेन्व्हरहून मोआब गाव, तिथे आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही दोन नॅशनल पार्कं, मग खाली पेज नावाच्या गावाला अँटिलोप कॅन्यन (चिंचोळी घळ) आणि हॉर्सशू बेंड (नदीचं नालेच्या आकाराचं वळण), शेवटी ग्रँड कॅन्यनची साउथ रिम म्हणजे दक्षिण काठ, असा प्लॅन आहे. बाबांचं वय ६९, गुडघे दुखतात पण हौस आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त, त्यामुळे त्यांना कुठेकुठे नेता येईल तेही सांगा.

माझ्याकडे फुल फ्रेम मिररलेस आहे, २४-१०५ लेन्स आणि एक बऱ्यापैकी हलका ट्रायपॉड. अजून एकच लेन्स भाड्याने घेणं परवडतं, तर १६-३५ (वाइड, रुंद दृश्य मावणारी) घेऊ का ७०-२०० (लांबचं जवळ आणणारी)? आणि दुसरं म्हणजे, नेटवर या जागांचे हजारो फोटो बघितले पण सगळे एकाच जागी उभं राहून काढल्यासारखे वाटतात, कमान, मागे सूर्य, रंग भडक. काही मोजके फोटो मात्र असे असतात की दगड आतून पेटल्यासारखा दिसतो. ते नेमकं कसं होतं? मला तसा एक तरी फोटो आणायचा आहे.

फुटाळा_क्लिक

भाऊ वाइडच घ्या, त्यात विचार काय करून राहिले. हॉर्सशू बेंड २४ मध्ये मावतच नाही, नदीचं एक टोक तरी कापल्या जातं, १६ च्या खाली जेवढं जाता येईल तेवढं बरं. माझा मावसभाऊ फोनच्या ०.५ वर काढून आला तर पूर्ण आला होता, आणि ज्याच्याकडे महागडा कॅमेरा होता तो पॅनोरमा जोडत बसला.

उन्हातली_सावली

लेन्सवर नंतर येते, आधी उजेडाचं बोलू, कारण तुम्ही जे विचारलंय ना की दगड आतून पेटल्यासारखा कसा दिसतो, त्याचं उत्तर लेन्समध्ये नाहीच. तसे जे फोटो असतात त्यांत त्या दगडावर थेट ऊन पडलेलं नसतं. ऊन पडलेलं असतं समोरच्या भिंतीवर किंवा खालच्या कड्यावर, आणि तिथून उसळलेला उजेड सावलीतल्या दगडावर आलेला असतो. लाल दगडावरून उसळलेला उजेड लाल होऊनच येतो आणि तो परत लाल दगडावरच पडतो, म्हणून रंग दुप्पट गडद होतो. शिवाय तो उजेड मऊ असतो, काळ्या कडक सावल्या नसतात, त्यामुळे दगडाचा पोत पण सगळा दिसतो.

हे घरीच बघता येतं. आमच्या गल्लीत समोरचं घर गेरू रंगाचं आहे. दुपारी तीननंतर त्याच्यावर ऊन आलं की आमचा पांढरा जिना, जो तेव्हा पूर्ण सावलीत असतो, केशरी दिसायला लागतो. पायरीच्या उभ्या भागावर केशरी, आणि आडव्या भागावर निळसर, कारण आडव्या भागाला आकाश दिसतं आणि उभ्याला समोरची भिंत. एक कोरा कागद दुमडून तिथे ठेवला तर घडीच्या एका बाजूला केशरी आणि दुसऱ्या बाजूला निळा असा स्पष्ट फरक दिसतो. डोळ्याला सुरुवातीला कळत नाही, मेंदू त्याला पांढराच समजतो, पण कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) डेलाइटवर, म्हणजे उन्हाच्या सेटिंगवर ठेवून फोटो काढला की लगेच दिसतं. मेसा आर्च म्हणजे तोच जिना, फक्त खूप मोठा.

कॅन्यनलँड्सच्या आयलंड इन द स्काय भागात ही मेसा आर्च कड्याच्या अगदी टोकावर आहे, तोंड पूर्वेला, आणि कमानीखाली सरळ कडा सुटलेला. सकाळचं ऊन त्या खालच्या कड्यावर आपटतं आणि वर उसळून कमानीच्या पोटावर येतं. कमानीचं पोट केशरी होतं आणि बाहेरच्या बाजूचा दगड निळसर थंड राहतो. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्योदय साधारण साडेसातच्या सुमारास आहे, पण तासभर आधी पोचा कारण ट्रायपॉड एकमेकाला खेटून लागतात. आणि महत्त्वाचं, सूर्याचा तारा येईल असा फोटो घेऊन सगळे पंधरा-वीस मिनिटांत निघून जातात, पण पोटाखालचा उजेड त्यानंतरही बराच वेळ टिकतो. तेव्हा जागा मोकळी असते, थोडं डावी-उजवीकडे सरकून बघता येतं, कमानीतून दूरची वॉशर वुमन कमान आणि ला साल डोंगर कुठे बसतात ते नीट ठरवता येतं. माझा आग्रह आहे की त्या गर्दीनंतरच्या वेळेसाठी थांबाच.

त्यामुळे कुठल्याही जागी गेलात की कमानीकडे बघायच्या आधी वळून बघा की ऊन कशावर पडलंय. जी भिंत उन्हात आहे ती तुमचा दिवा आहे, आणि फोटो तिच्या समोरच्या सावलीत आहे.

वर्धा_रोड

ताई, लिहिलंय सुंदर, पण एक शंका मनापासून विचारतो. आपण नागपूरकर मे महिन्यात ४५ डिग्रीचं ऊन बघतो, दुपारी सगळे रंग उडून जातात, रस्ता, झाडं, घरं सगळं पांढुरकं. मग वाळवंटातल्या उन्हात दगड इतका केशरी कसा? मला तर असे फोटो बघितले की सॅच्युरेशनची पट्टी शंभरावर नेली असंच वाटते. खरंच तिथे डोळ्याला तसं दिसते का?

खडकवाला

दगडाच्या बाजूने मी उत्तर देतो, फोटोचं ताईंनी सांगावं. आर्चेस नॅशनल पार्कमधल्या बहुतेक कमानी एन्ट्राडा सँडस्टोनच्या आहेत. वाळूचा कण मूळचा फिकाच असतो, पण प्रत्येक कणावर लोहाच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, त्यामुळे पूर्ण दगड लाल-केशरी. लोह धुऊन गेलं तिथे तोच दगड फिका. म्हणजे रंग खरा आहे. आणि भिंतींवर जे काळे-तपकिरी चमकदार ओघळ दिसतात त्याला डेझर्ट व्हार्निश म्हणतात, मँगनीज आणि लोहाचा लेप, तो तयार व्हायला हजारो वर्षं लागतात. सावलीत तो ओघळ आकाशाचं प्रतिबिंब घेऊन निळा चमकतो, फोटोवाल्यांनी हे जरूर बघावं.

आता कमानी एवढ्या एकाच जागी का. त्या पार्कात २,००० हून जास्त कमानी नोंदलेल्या आहेत. खाली सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या आटलेल्या समुद्राचं जाड मीठ आहे. वरच्या खडकाच्या वजनाने मीठ सरकतं, फुगतं, मग वरचा खडक समांतर भेगांनी चिरला जातो. भेगा रुंद झाल्या की मधे दगडाच्या उभ्या पातळ भिंती उरतात, त्यांना तिथे फिन म्हणतात. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते वाळूच्या कणांना धरून ठेवणारं कॅल्साइट विरघळवतं, हिवाळ्यात भेगेतलं पाणी गोठून फुगतं आणि पापुद्रे सोडवतं, असं होत होत भिंतीला आरपार भोक पडतं. वाऱ्याने कमानी कोरल्या असं बरेच जण लिहितात, पण मुख्य काम पाणी आणि बर्फाचं आहे, वारा सुटलेली वाळू उचलून नेतो.

नदीने कोरलेली असेल तर त्याला ब्रिज म्हणतात. युटातच नॅचरल ब्रिजेस नॅशनल मॉन्युमेंट आहे, १९०८ सालचं, तिथे सिपापू, काचिना आणि ओवाचोमो असे तीन मोठे आहेत. मोआबहून पेजला जाताना थोडी वाट वाकडी केली तर होतं, गर्दी फार कमी. बर्डीचा_प्रवासी, भावाला विचारून बघा.

आणि हे सगळं कायमचं नाही बरं. लँडस्केप आर्च, जिचा विस्तार सुमारे ९३ मीटर आहे, तिच्या पोटातून १९९१ मध्ये १८ मीटर लांबीची शिळा पडली, तेव्हापासून खालून जाणारी वाट बंद. वॉल आर्च तर ऑगस्ट २००८ मध्ये एका रात्रीत पूर्ण कोसळली. तुम्ही काढाल तो फोटो नोंद म्हणूनही मोलाचा आहे, तारीख-वेळ जपून ठेवा.

उन्हातली_सावली

सरांनी फार छान सांगितलं. वर्धा_रोड, तुमची शंका अगदी रास्त आहे आणि पुष्कळ फोटो खरंच रंगवून भडक केलेले असतात. पण दुपारचं जे पांढुरकं ऊन तुम्ही म्हणता ते थेट डोक्यावरून येणारं. तसं ऊन तिथेही रंग मारतं, दुपारी बाराला आर्चेसमधली डेलिकेट आर्च ही कमान अगदी मलूल दिसते. त्याच बाराच्या उन्हात अँटिलोपसारख्या चिंचोळ्या घळीत मात्र उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर उसळत खाली उतरतो, प्रत्येक उसळीला अजून लाल होतो, आणि तळाशी जिथे फक्त आकाशाची पट्टी पोचते तिथे जांभळा-निळा. म्हणून दुपार वाया जाते हे म्हणणं सरसकट खरं नाही, उघड्या जागेला वाया, बंद घळीला सर्वांत चांगली.

रंग भडक होण्याचं एक तांत्रिक कारण पण आहे ते सांगते, कारण याकडे कोणी बघत नाही. लाल दगडात कॅमेऱ्याचा लाल चॅनल सगळ्यात आधी भरतो. साधा पांढरा हिस्टोग्राम (फोटोतला अंधार-उजेड दाखवणारा आलेख) बघितला तर वाटतं अजून जागा आहे, पण लाल केव्हाच उजव्या भिंतीला टेकलेला असतो, आणि एकदा तो फुटला की दगडाचा पोत जाऊन नुसता केशरी सपाट डाग राहतो. मग तो डाग झाकायला लोक कॉन्ट्रास्ट वाढवतात आणि अजून बिघडतं. कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम चालू करा, तीनही रंग वेगळे दिसतात, लाल टोकाला जायच्या आत थांबा, बहुतेक वेळा एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी करावं लागतं. फोटो रॉ मध्येच (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा केशरीला चूक समजून निळा ओततो, जे बघायला गेलात तेच पुसून टाकतो, त्यामुळे डेलाइट ठेवा आणि घरी आल्यावर गरज पडली तरच हलवा. माझ्या मते अशा फोटोत सॅच्युरेशन वाढवायची गरजच पडू नये, पडली तर उजेडाची वेळ चुकली होती.

अजनीकर_काका

बाबांच्या गुडघ्याबद्दल मी लिहितो, मीही सत्तरीच्या जवळ आहे आणि मुलीसोबत जाऊन आलो. मेसा आर्चची वाट जाऊन-येऊन साधारण एक किलोमीटर, थोडा चढ-उतार आणि दगडी पायऱ्या, काठी घेऊन आरामात होते. आर्चेसमध्ये विंडोज भागात गाडी अगदी जवळ जाते, डबल आर्चपर्यंत वाट जवळजवळ सपाट आहे आणि ती कमान ३४ मीटर उंच, खाली उभं राहिलं की मान मागे टाकावी लागते. बाबांना तिथे नक्की न्या.

डेलिकेट आर्च मात्र नीट विचार करून. वाट जाऊन-येऊन ४.८ किमी, चढ सुमारे १४६ मीटर, उघड्या दगडावरून, सावली शून्य, आणि शेवटी कड्याच्या कडेने अरुंद पट्टी आहे. मी गेलो नाही, लोअर व्ह्यूपॉइंटवरून बघितली, गाडीतून उतरून शंभरेक मीटर सपाट रस्ता. कमान तिथून दीडेक किलोमीटर दूर दिसते, छोटी दिसते पण दिसते, आणि तिथे बसायला निवांत होतं. तुमच्यापैकी एकाने बाबांसोबत थांबावं आणि बाकीच्यांनी वर जावं, आळीपाळीने दोन दिवस करता आलं तर उत्तम.

पाणी माणशी चार लिटर धरून चला. आपल्याला नागपुरी उन्हाची सवय आहे असं वाटतं, पण तिथे हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, जागच्या जागी उडून जातो.

बर्डीचा_प्रवासी

काका मनापासून धन्यवाद, बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले काकांना नमस्कार सांग. सर, नॅचरल ब्रिजेस प्लॅनमध्ये टाकलं.

ताई, आता लेन्सचं सांगाच. आणि अँटिलोपला ट्रायपॉड चालतो का? तो वरून खांबासारखा उजेड येतो तो ऑक्टोबरमध्ये मिळेल का?

उन्हातली_सावली

१६-३५ घ्या. मेसा आर्च, डबल आर्च, हॉर्सशू बेंड, अँटिलोप, चारही ठिकाणी ती लागणार. डेलिकेट आर्चला मात्र ती बॅगेतच राहू द्या आणि २४-१०५ ची लांब बाजू, म्हणजे १०५ कडची, वापरा. वाइडने कमान मोठी होते पण मागचे ला साल डोंगर, जे ३,८०० मीटरच्या वर आहेत, मुंगीएवढे होऊन जातात. त्यापेक्षा कमानीसमोर जी वाटीसारखी दगडी खोलगट जागा आहे तिच्या लांबच्या कडेला मागे जा, ८०-१०० वर या, म्हणजे डोंगर कमानीच्या मागे उभे राहतात. ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर पहिला बर्फ असू शकतो. संध्याकाळचं ऊन थेट कमानीवर येतं, हा एक फोटो थेट उन्हाचा, पण सूर्य बुडाल्यावर लगेच उतरू नका, मागचं आकाश गुलाबी होतं आणि दगड त्या उजेडात पंधरा-वीस मिनिटं मंद उजळलेला राहतो. परतीला हेडलॅम्प प्रत्येकाचा वेगळा.

विंडोजला सकाळी जायचं असेल तर नॉर्थ विंडोच्या पलीकडच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला उतरून मागे वळून बघायचं, खिडकीतून टरेट आर्च बरोबर चौकटीत बसते आणि सूर्योदयाचं ऊन तिच्यावर असतं. दगड चढून जरा अवघड जागी उभं राहावं लागतं, बाबांना तिथे नको.

अँटिलोप नाव्हाहो लोकांच्या जमिनीवर आहे, गाइडशिवाय जाताच येत नाही, आणि नेहमीच्या टूरवर ट्रायपॉड, सेल्फी स्टिक काही चालत नाही. हातातच काढायचं, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदना) ८०० ते १६०० बिनधास्त ठेवा. अँटिलोपचे अप्पर आणि लोअर असे दोन भाग आहेत, उजेडाचे खांब अप्पर कॅन्यनमध्ये दुपारच्या आसपास दिसतात आणि साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच, तुम्ही जाल तेव्हा सूर्य खाली गेलेला असेल. त्याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नका. खांब आले की सगळ्यांची नजर तेवढ्यावर खिळते, भिंतींवरचा उसळलेला उजेड कोणी बघत नाही. खांब नसताना तुम्हाला फक्त भिंती उरतात आणि त्या भिंतींसाठीच तिथे जायचं असतं. फ्रेममध्ये आकाशाचा तुकडा मुळीच येऊ देऊ नका, त्या एका पांढऱ्या डागाने बाकी सगळं काळं पडतं. वर बघून काढा, पण वळणाच्या खालीच थांबा.

वरून सतत बारीक वाळू गळत असते. आत लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही, १६-३५ बाहेरच लावून जा.

बाबांसाठी अप्परच घ्या. तिथे जमिनीच्या पातळीवरून आत शिरता येतं, लोअरला लोखंडी शिड्या उतराव्या लागतात. बाहेर पडायच्या वाटेवर किती पायऱ्या आहेत ते बुकिंग करतानाच विचारून घ्या.

खडकवाला

एक गोष्ट सांगायलाच हवी. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोपमध्ये अचानक पूर आला आणि ११ पर्यटक गेले. तिथे पाऊस नव्हताच, पाऊस कित्येक किलोमीटर वरच्या बाजूला पडला होता. उघड्या दगडावर पाणी मुरत नाही, सगळं एकदम घळीत येतं. ज्या पाण्याने ती घळ कोरली ते पाणी अजून येतंच. ऑक्टोबरमध्ये धोका कमी असला तरी गाइडने टूर रद्द केली तर पैशासाठी वाद घालू नका. आणि दुसऱ्या कुठल्या घळीत स्वतःहून शिरणार असाल तर वरच्या पूर्ण पाणलोटाचा हवामान अंदाज बघा, फक्त डोक्यावरचं आभाळ बघून ठरवू नका. आपल्याकडे सांदण दरीत पावसाळ्यात उतरू नये म्हणतात ते याच कारणाने.

फुटाळा_क्लिक

सर हे माहीत नव्हतं, अंगावर काटा आला.

ताई मला एक विचारायचं होतं. आमचं काही युटाला जाणं होऊन नाही राहिलं सध्या. हा उसळलेला उजेड नागपूरच्या आसपास कुठे शिकता येईल का? माझ्याकडे फक्त फोन आहे.

उन्हातली_सावली

येईल ना, आणि मी तर म्हणेन बर्डीचा_प्रवासी, तुम्हीसुद्धा निघायच्या आधी एखादा शनिवार-रविवार यासाठी काढा. एवढे लाखो रुपये खर्चून तिथे जाऊन हिस्टोग्राम शोधत बसण्यापेक्षा इथे हात बसवून जाणं कितीतरी चांगलं.

सगळ्यात चांगली शाळा म्हणजे भेडाघाट. जबलपूरच्या पुढे, नर्मदा संगमरवराच्या उभ्या भिंतींमधून जाते, नावेत बसून दोन्ही बाजूंनी भिंती बघता येतात. सकाळी एक भिंत उन्हात आणि दुसरी सावलीत असते. लोक उन्हातल्या पांढऱ्या भिंतीचे फोटो काढतात, ती जळून पांढरीफटक येते. तुम्ही सावलीतली बघा. समोरून आणि खालच्या पाण्यावरून आलेला उजेड तिच्यावर असतो, संगमरवरातल्या पिवळ्या, गुलाबी, करड्या रेघा तेव्हा उमटतात, आणि पाणी हललं की उजेडाची जाळी भिंतीवर हलते. नाव हलत असते म्हणून शटर १/५०० सेकंदापेक्षा वेगवान ठेवा. पावसाळ्यात नावा बंद असतात, त्यानंतर जा.

दुसरं, पचमढी. छिंदवाडा-तामियावरून गाडीने जाता येतं. तिथला दगड वालुकाश्मच आहे, म्हणजे दगडाची जात तीच. हांडी खोहची दरी शंभरेक मीटर खोल, एक बाजू उन्हात असताना दुसरी बघायची. जटाशंकरच्या घळीत तर अँटिलोपचा सराव होतो, वरून चिंचोळी फट आणि आत उसळत आलेला उजेड. वाटेत तामियाला थांबून पाताळकोट वरून बघा, बाराशे-पंधराशे फूट खोल, सकाळी धुक्याचे थर असतात, ग्रँड कॅन्यनला जो धूसरपणा मिळणार आहे त्याची तयारी इथेच होते.

फोनसाठी एवढंच की प्रो मोड किंवा रॉ चालू करा, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर अडकवा, ऑटो एचडीआर बंद करून बघा, आणि उजळ भागावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करून खाली ओढा. सावल्या नंतर उचलता येतात, जळलेलं परत येत नाही.

वर्धा_रोड

ताई पटलं. आज दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये लाल विटांच्या भिंतीसमोर पांढरी गाडी उभी होती, तिच्या दारावर खालच्या बाजूला केशरी छटा स्पष्ट दिसली. एवढी वर्षं रोज बघतो, लक्षच गेलं नव्हतं.

कमानी म्हणाल तर आपल्या सह्याद्रीत पण आहेत की, रतनगडाचं नेढं, राजगडाच्या सुवेळा माचीचं नेढं. तिथे हा प्रकार चालेल का?

उन्हातली_सावली

चालतो पण वेगळा. बेसाल्ट काळा, तो उजेड गिळतो, उसळवत नाही. म्हणून नेढ्यात आकाराचा फोटो होतो, सिल्हूट, पलीकडे ढग आणि दरी. तिथे रंगाची वाट बघू नका, पावसाळ्यानंतरचं गवत आणि ढग यांची बघा. रतनगडाच्या नेढ्यात वारा इतका असतो की ट्रायपॉड उभा राहत नाही, भिंतीला टेकून काढावं.

अजनीकर_काका

ग्रँड कॅन्यनचं कोणी लिहिलं नाही अजून. मला तिथे फोटोत काहीच पकडता आलं नाही असं वाटत होतं, कारण ती जागा फोटोपेक्षा फारच मोठी आहे. ४४६ किलोमीटर लांब, दीड किलोमीटरहून खोल, आणि समोरचा काठ सरासरी पंधरा किलोमीटरवर. मुलीने शेवटी वाइड काढून ठेवली आणि झूम लावून एकेका सुळक्याचे, थरांचे फोटो घेतले, तेच आज घरी भिंतीवर आहेत. साउथ रिम २,१०० मीटरवर आहे, ऑक्टोबरमध्ये पहाटे पारा शून्याच्या जवळ येतो, बाबांना कानटोपी आणि हातमोजे घ्या. थंडीने कॅमेऱ्याची बॅटरीही लवकर उतरते, जास्तीची आतल्या खिशात ठेवावी.

उन्हातली_सावली

काका अगदी बरोबर. दुपारी तिथे धूसर निळसर पडदा असतो, तेव्हा काढू नका. होपी पॉइंटला संध्याकाळी जा, कॅन्यनच्या आत बराच पुढे आलेला आहे आणि दोन्ही बाजूंना दिसतं. मार्च ते नोव्हेंबर तिकडे खासगी गाडी जाऊ देत नाहीत, शटल बस असते, परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी बघून ठेवा. पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) धूसरपणा थोडा कापतो, पण १६-३५ वर लावला तर आकाश अर्धं गडद अर्धं फिकं येतं, त्यामुळे तो फक्त लांब बाजूला वापरा.

नियमांचं थोडं. ड्रोन कुठल्याच नॅशनल पार्कात चालत नाही, नेऊच नका. आर्चेस आणि कॅन्यनलँड्समध्ये रात्री टॉर्चने कमान उजळून फोटो काढायला बंदी आहे, चांदण्याच्या उजेडात काढा, पौर्णिमेच्या आसपास कमान छान दिसते. कमानींवर चढायचं नाही. आणि वाट सोडून वाळूत पाय टाकू नका, तिथे मातीवर काळपट खडबडीत पापुद्रा दिसतो तो जिवंत असतो, सूक्ष्म जीवांचा, एका पावलाने मोडतो आणि परत यायला कित्येक वर्षं लागतात. चांगल्या कोनासाठी तो तुडवणारे फोटोवाले मी बघितले आहेत, फार वाईट वाटतं. आर्चेसला प्रवेशासाठी आधी वेळ बुक करावी लागते का हे दरवर्षी बदलत असतं, निघायच्या आधी पार्कच्या वेबसाइटवर बघून घ्या.

बर्डीचा_प्रवासी

सगळ्यांचे किती आभार मानू. १६-३५ बुक केली. प्लॅन असा बसवला: मोआबला एक दिवस वाढवला, मेसा आर्चला दोन सकाळी जाणार, एकदा बाबांसोबत. एक संध्याकाळ मी आणि बायको डेलिकेटला वर, भाऊ आणि बाबा लोअर व्ह्यूपॉइंटला. मग नॅचरल ब्रिजेसवरून मॉन्युमेंट व्हॅलीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी निघून पेजला अकराची अप्पर अँटिलोप टूर, दुपारनंतर हॉर्सशू बेंड, दुसऱ्या दिवशी ग्रँड कॅन्यन. आणि गणपती झाल्यावर पचमढीला जाऊन येतो, फुटाळा_क्लिक येणार असाल तर गाडीत जागा आहे.

फुटाळा_क्लिक

येतो ना भाऊ. पेट्रोल अर्धं-अर्धं.

उन्हातली_सावली

प्लॅन मस्त, दोन गोष्टी बदला. हॉर्सशू बेंडचं तोंड पश्चिमेला आहे, दुपारनंतर सूर्य समोर येतो. त्यामुळे अँटिलोपहून थेट तिकडे जा आणि सूर्य वर असतानाच काढा, नदीचं हिरवं पाणी तेव्हा उजळ असतं. सकाळी लवकर गेलात तर तळ पूर्ण सावलीत. कडा ३०० मीटर सरळ आहे आणि रेलिंग सगळीकडे नाही, बाबांना रेलिंगच्या भागातच उभं करा.

दुसरं घड्याळाचं. ऑक्टोबरमध्ये युटात उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे) चालू असते, अ‍ॅरिझोना ती पाळत नाही, आणि नाव्हाहो लोकांची जमीन अ‍ॅरिझोनात असूनसुद्धा पाळते. मॉन्युमेंट व्हॅली युटाच्या वेळेवर, पेज तासभर मागे. अँटिलोप नाव्हाहो जमिनीवर असली तरी टूर पेजच्या वेळेने निघतात. वाटेत फोन कुठल्या टॉवरला लागेल त्याप्रमाणे घड्याळ पुढे-मागे करत राहतो, त्यामुळे त्या दिवशी फोनची ऑटो वेळ बंद करून हाताने फिनिक्सची वेळ लावून ठेवा, आणि भावालाही तसंच करायला सांगा.